गाडी थांबल्यावरचा आवाज

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं मी गाडी घराच्या फाटकाशीं उभी केली, किल्ली काढली आणि आंत जावें म्हणून वळलों, तोंच बॉनेटखालून टिक्, टिक्, टिक् असा आवाज येऊं लागला. माझ्या धाकट्या पुतणीनें तो ऐकला व ‘काका, गाडी अजून चालू आहे,’ असें मला बजावलें. गाडी चालू नव्हती. तापलेल्या लोखंडी नळ्या थंड होतांना आकसतात, त्यांचे सांधे व त्यांवरील पातळ पत्रे जागचे किंचित् सरकतात, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर अशी एक टिचकी वाजते. भाकरी झाल्यावर शेगडी विझविली म्हणजे तापलेला तवाहि कधीं कधीं असाच बोलतो. हें मीं तिला सांगितलें व तिचें समाधान झालें. पण मी मात्र विचारांत पडलों. कारण ‘गाडी अजून चालू आहे’ हें वाक्य चाळीस वर्षांपूर्वीं मीं स्वतःच उच्चारलें होतें, आणि त्या वेळीं तें अक्षरशः खरें होतें.

माझ्या वडिलांकडे, कोणीतरी वापरून विकलेली, एक जुनी गाडी होती. घाट चढून किंवा उन्हांतून लांबचा पल्ला मारून ती दारांत आली व वडिलांनीं किल्ली फिरविली, तरी तिचें इंजिन थांबत नसे. तें खोकत, कण्हत, सगळी गाडी हालवीत आणखी पांच-सहा गचके खाई, व मग मोठा उसासा टाकून गप्प होई. आम्ही भावंडें मागें सायलेन्सरपाशीं उभीं राहून ते गचके मोजीत असूं; ज्याचा अंदाज बरोबर येई तो जिंकला. वडील मात्र शेजाऱ्यांदेखत ओशाळत. पुढें आमच्या गल्लींतील मिस्त्रीनें त्यांना एक युक्ति शिकविली. गाडी गिअरमध्यें ठेवावयाची, ब्रेक दाबून किल्ली बंद करावयाची व क्लच सोडावयाचा, म्हणजे इंजिन गळा दाबल्यासारखें जागच्या जागीं बंद पडतें. तसें केल्यावर आवाज थांबला व आमचा खेळ संपला. इंजिनाचें दुखणें मात्र होतें तेथेंच राहिलें.

तें दुखणें काय होतें हें समजण्यास फारसें यंत्रशास्त्र लागत नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें दाबलें जातें, व योग्य क्षणीं स्पार्क प्लगची ठिणगी त्याला पेटविते. किल्ली बंद केली कीं ठिणगी बंद होते. पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडींत त्याबरोबर पेट्रोल बंद होत नसे. इंजिन फिरत आहे तोंवर तें पेट्रोल ओढीतच राही. अशा वेळीं सिलिंडरच्या आंत सांचलेला काजळीचा थर निखाऱ्यासारखा तापलेला असला, किंवा हलक्या प्रतीचें पेट्रोल नुसत्या दाबानें व उष्णतेनें पेट घेण्याइतकें उतावळें असलें, तर ठिणगीवांचूनच जळणें सुरू राही आणि मालकानें थांबविलेलें यंत्र मालकाच्या इच्छेविरुद्ध चाले. आजच्या गाड्यांत पेट्रोल मोजून फवारलें जातें व किल्लीबरोबर तेंहि थांबतें. म्हणून हा विकार आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे. आज गाडी उभी केल्यावर घरघर ऐकूं आली, तर बहुधा ती रेडिएटरच्या पंख्याची असते. ती थोड्या वेळानें थांबली तर काळजीचें कारण नाहीं. पंखा दर खेपेस फार वेळ चालूं लागला, आंत पाणी उकळल्याचे बुडबुडे वाजले किंवा गोडसर वास आला, तर पाण्याची पातळी पाहावी, आणि झांकण इंजिन पुरतें थंड झाल्यावरच उघडावें. कांहीं गाड्यांत तर टाकींतून पेट्रोलची वाफ गळते कीं काय हें तपासणारा एक लहानसा पंप गाडी उभी केल्यावर कित्येक तासांनीं आपोआप गुणगुणूं लागतो, व मालकाची झोंप विनाकारण उडवितो.

परंतु मिश्रणानें ठिणगीची वाट न पाहतां पेट घेण्याचा जो हा स्वभाव, त्याचा एक दुसरा, अधिक अपायकारक आविष्कार आहे. आणि त्याच्या निदानाचा इतिहास हा गेल्या शतकांतील एक मोठा, व पुष्कळ अंशीं दुःखद, इतिहास आहे. गाडी चढावर असतां, वेग कमी आणि जोर अधिक लागत असतां, पत्र्याच्या डब्यांत खडे वाजावेत तसा जो कर्कश ठोका इंजिनांतून येतो, त्याला मिस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर क्रमाक्रमानें पसरावी अशी इंजिनाची योजना असते. ज्योत पुढें सरकते तसें तिच्यापुढचें न जळलेलें मिश्रण अधिकाधिक दाबलें जातें व तापतें. ज्योत तेथवर पोंचण्यापूर्वींच तें शेवटचें मिश्रण एकदम भडकलें, तर सिलिंडरमध्यें दाबाच्या लाटा उठून भिंतींवर आपटतात, आणि नेहमींच्या मोटारींत सेकंदाला सुमारें ६ ते ७ हजार कंपनांचा नाद उमटतो. तोच हा ठोका. तो फार वेळ चालूं दिला तर पिस्टनला भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. यांतील खरी अडचण अशी कीं, मिश्रण जितकें अधिक दाबावें तितकें त्याच पेट्रोलांतून अधिक काम निघतें, पण तितकाच ठोकाहि वाढतो. म्हणजे इंजिन सुधारण्याच्या वाटेवरच हा ठोका आडवा बसला होता.

शरीरांतला आवाज ऐकून रोग ओळखण्याची विद्या वैद्यकांत पूर्वींच सुरू झाली होती. १८१६ सालीं पॅरिस येथें डॉ. लाएनेक यांनीं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लाविली, व तिच्यांतून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. आपला मिस्त्री पेचकसाचें टोंक इंजिनाला व मूठ कानाला लावून ऐकतो, तेव्हां तो त्याच परंपरेंतला असतो. पण ऐकूं येणें निराळें आणि ओळखतां येणें निराळें. मोटारींच्या आरंभीच्या काळांत या ठोक्याचें खापर कोणी सैल बेअरिंगवर, कोणी काजळीवर, तर कोणी ठिणगी अवेळीं पडण्यावर फोडीत असत. केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन व त्यांचे शिष्य हॅरी रिकार्डो यांनीं, ठिणगीच्या आधीं मिश्रण पेटणें आणि ठिणगीनंतर उरलेलें मिश्रण भडकणें हे दोन निरनिराळे विकार आहेत, हें ओळखलें. निदानाची ही पहिली पायरी होती.

अमेरिकेंत हा प्रश्न एका आरोपांतून पुढें आला. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीला ओहायो संस्थानांतील डेटन शहरच्या चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर व बॅटरीवर चालणारी ठिणगीची नवी योजना बसविली होती. ह्या गाड्या ठोके देऊं लागतांच प्रतिस्पर्ध्यांनीं त्यांचा दोष बॅटरीच्या ठिणगीवर ठेवला. पुढें केटरिंग यांनीं शेतकऱ्यांच्या घरांसाठीं विजेचीं लहान यंत्रें काढलीं. आगीच्या भीतीमुळें तीं पेट्रोलऐवजीं रॉकेलवर चालवावीं लागत, आणि रॉकेलवर तर ठोका फारच वाढे. ठिणगीची योजना तीच, पण इंधन बदलतांच आवाज बदलतो, तेव्हां दोष इंधनाचा असला पाहिजे, हा तर्क उघड होता. त्याचा छडा लावण्याचें काम १९१६ सालीं टॉमस मिजली नांवाच्या तरुण यंत्रविशारदाकडे आलें.

मिजली यांनीं सिलिंडरमधील दाबाच्या चढउताराची प्रकाशरेखा काढणारें उपकरण वापरलें, आणि दाबाची ती भयंकर उसळी ठिणगीच्या नंतर, जळण्याच्या अखेरीस येते असें दाखविलें. त्यामुळें कॅडिलॅकची ठिणगी निर्दोष ठरली. मग इंधनांत काय उणें आहे याचा विचार करतांना केटरिंग व मिजली यांनीं एक कल्पना लढविली. बर्फ वितळण्याच्या सुमारास लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीचीं पानें लालसर असतात; लाल रंग उष्णता अधिक शोषीत असेल, तर रॉकेललाहि लाल रंग दिल्यास त्याची वाफ लवकर होईल व ठोका थांबेल! हाताशीं तेलांत विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून मिजली यांनीं रॉकेलमध्यें आयोडीन मिसळलें. आणि ठोका खरोखरच थांबला. सामान्य मनुष्य येथें थांबून आपल्या कल्पनेची पाठ थोपटून घेता. मिजली थांबले नाहींत. त्यांनीं इतर लाल रंग घालून पाहिले, ठोका तसाच राहिला. मग आयोडीनचें एक रंगहीन संयुग घातलें, आणि ठोका थांबला. म्हणजे गुण रंगाचा नसून द्रव्याचा होता. चुकीची उपपत्ति बरोबर उत्तर देऊन गेली असतां ती उपपत्ति स्वतःच खोडून काढणें, हें सचोटीचें काम आहे, आणि त्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

आयोडीन महाग होतें व यंत्रास बाधक होतें. १९१९ सालीं अ‍ॅनिलीन गुणकारी ठरलें. १९२१ सालीं सेलेनियम व टेलूरियम यांचीं संयुगें त्याहून प्रभावी आढळलीं, परंतु टेलूरियमचा लसणासारखा उग्र दर्प प्रयोग करणाऱ्यांच्या अंगाला व कपड्यांना असा चिकटे कीं, त्यांना चारचौघांत बसणें अशक्य होई. मग मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा आधार घेऊन शोध पुढें चालला, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची परीक्षा झाली. गॅलनभर पेट्रोलला अवघे ३ घनसेंटिमीटर इतक्या अल्प प्रमाणांत तें ठोका बंद करी. फेब्रुवारी १९२३ मध्यें डेटन येथें असें पेट्रोल प्रथम विक्रीस आलें. त्याला नांव दिलें ‘एथिल’. त्या नांवांत शिशाचा उच्चार नव्हता.

येथवरची हकीकत एखाद्या आदर्श शास्त्रीय शोधासारखी आहे. परंतु याच ठिकाणीं प्रश्न विचारणें थांबलें. शिशाचें विष प्राचीन काळापासून ठाऊक होतें. रंगारी, कुंभार व छापखान्यांतील खिळे जुळविणारे यांना होणारा त्याचा उपद्रव त्या काळच्या वैद्यकाच्या पुस्तकांत नमूद होता. मिजली स्वतः १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेनें आजारी पडून विश्रांतीस गेले होते. ठोका थांबविणारें दुसरें औषध नव्हतें असेंहि नाहीं. मद्यार्काचा हा गुण मिजली व रिकार्डो या दोघांनाहि माहीत होता. पण मद्यार्क शेंकडा १० ते २० या प्रमाणांत घालावा लागे, त्याचा पुरवठा पुरेसा होईल कीं नाहीं अशी शंका होती, आणि जो कोणीहि शेतकरी धान्यापासून गाळूं शकेल अशा पदार्थावर एका कंपनीचा हक्क चालण्यासारखा नव्हता. शिशाचें पेटंट घेतां येत होतें. १९२४ सालीं जनरल मोटर्स व न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनीं मिळून या द्रव्यासाठीं स्वतंत्र कंपनी काढली.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं, पण माझ्या मतें तीच या कथेचें मर्म आहे. नुसतें शिसें घातलें असतां त्याची राख व्हॉल्व्हवर व स्पार्क प्लगवर सांचून इंजिन बिघडे. म्हणून त्याबरोबर ब्रोमीनचें एक संयुग घालण्यांत येऊं लागलें, कीं ज्यायोगें शिसें वाफेच्या रूपानें धुराबरोबर बाहेर निघून जावें. इंजिन स्वच्छ राहिलें. इंजिनाच्या आरोग्याची ही व्यवस्था किती काळजीपूर्वक केली होती! पण बाहेर पडलेलें तें शिसें मग कोठें जातें, हा प्रश्न इंजिनाच्या हद्दीबाहेरचा ठरला.

त्या प्रश्नाचें उत्तर प्रथम कारखान्यांतील मजुरांना मिळालें. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत पांच कामगार वेड लागून, झटके येऊन मृत्यु पावले, व पुष्कळांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. दुसऱ्या एका कारखान्याला तर कामगारांनीं ‘फुलपाखरांचें घर’ असें नांव दिलें होतें. कारण विषाचा अंमल चढला कीं त्यांना हवेंत नसलेले किडे उडतांना दिसत. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनीं बातमीदारांसमोर तें द्रव्य हातांवर ओतून घेतलें व त्याची वाफ हुंगून दाखविली. आयोडीनचा रंग तपासून पाहणारा तोच हा मनुष्य! मे १९२५ मध्यें वॉशिंग्टन येथें सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनीं परिषद् बोलाविली. तींत हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन व येलचे प्राध्यापक यांडेल हेंडरसन यांनीं, प्रश्न कांहीं मजुरांचा नसून रस्त्यावर श्वास घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे, अशा आशयाचा इशारा दिला. विक्री तात्पुरती थांबली. एक समिति नेमली गेली, आणि थोड्या महिन्यांच्या पाहणीनंतर जानेवारी १९२६ मध्यें तिनें, बंदी घालण्यास पुरेसें कारण दिसत नाहीं, मात्र प्रसार वाढल्यास पुढें तपास चालू ठेवावा, असा अभिप्राय दिला. विक्री सुरू झाली. पुढील तपास अनेक दशकें मुख्यतः उद्योगाच्याच पैशानें झाला.

त्यानंतर जें घडलें त्यांत नफा नव्हता असें म्हणणें अन्यायाचें होईल. अधिक दाबाचीं, काटकसरीचीं व जोरदार इंजिनें निघालीं. दुसऱ्या महायुद्धांतील विमानें शिसेंमिश्रित इंधनावरच उडालीं. १९२६ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर यांनीं इंधनाची ठोका सोसण्याची शक्ति मोजण्यासाठीं ऑक्टेनचें माप सुचविलें व तें सर्वत्र रूढ झालें. इंजिनाच्या सहनशीलतेचें माप असें निश्चित झालें; मनुष्याच्या सहनशीलतेचें माप घेण्यास आणखी चाळीस वर्षें जावीं लागलीं.

तें माप घेणारा शास्त्रज्ञ मोटारींच्या वाटेनें आला नाहीं. क्लेअर पॅटरसन हे पृथ्वीचें वय काढीत होते. १९५६ सालीं त्यांनीं तें ४५५ कोटि वर्षें असें प्रसिद्ध केलें. त्यासाठीं अशनींतील शिशाचें अतिसूक्ष्म प्रमाण मोजावें लागे, आणि प्रयोगशाळेंत पाहावें तेथें, धुळींत, पाण्यांत, माणसांच्या त्वचेवर, शिसेंच शिसें सांपडे. हें इतकें शिसें आलें कोठून, असा प्रश्न त्यांनीं विचारला. १९६५ सालच्या त्यांच्या निबंधानें व पुढें ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांच्या परीक्षणानें सिद्ध झालें कीं, आपण ज्याला स्वाभाविक प्रमाण समजत होतों तें स्वाभाविक नसून मनुष्यानें केलेलें आहे. १९७९ सालीं हर्बर्ट नीडलमन यांनीं मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा करून त्यांतील शिसें मोजलें, आणि ज्यांच्या दांतांत शिसें अधिक त्यांची बुद्धि व अवधान उणें पडतें असें दाखविलें. सायलेन्सरपाशीं उभीं राहून गचके मोजणारीं आम्ही भावंडें मला हें वाचतांना आठवलीं. त्या वेळच्या आमच्या पेट्रोलमध्येंहि शिसें होतें.

अमेरिकेंत शिसें कमी होऊं लागलें तें कांहीं अंशीं आरोग्यासाठीं व कांहीं अंशीं एका यंत्रासाठीं. १९७५ पासून गाड्यांना धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसूं लागलें, आणि शिशानें त्यांतील प्लॅटिनम निकामी होई. १९७६ ते १९८० या चार वर्षांत पेट्रोलमधील शिसें जसजसें घटलें, तसतसें अमेरिकन लोकांच्या रक्तांतील शिशाचें सरासरी प्रमाणहि एक-तृतीयांशाहून अधिक घटलें. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचें पेट्रोल मिळूं लागलें, व १ फेब्रुवारी २००० पासून तें देशभर झालें. जगांत सर्वांत शेवटीं २०२१ सालीं अल्जीरियानें मोटारींचें शिसेंमिश्रित पेट्रोल बंद केलें. लहान पिस्टन-इंजिनांच्या विमानांच्या इंधनांत मात्र तें अद्यापि आढळतें. डेटनच्या त्या पहिल्या विक्रीपासून अल्जीरियापर्यंत ९८ वर्षें गेलीं.

आणि शिसें गेल्यावर ठोक्याचें काय झालें? तो परत आला नाहीं. तेलशुद्धीची पद्धति सुधारली, व इतर द्रव्यें आलीं. १९२१ सालीं बाजूस सारलेला मद्यार्कहि परतला. २०२५ सालीं आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें त्याचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत गेलें, आणि त्यांतील कांहीं भाग महाराष्ट्रासारख्या प्रांतांतील साखर कारखान्यांतून येतो. याचा अर्थ तें औषध निर्दोष आहे असा नाहीं. उसाला लागणारें पाणी, जुन्या गाड्यांचे रबरी भाग व घटणारें मायलेज हे प्रश्न विचारले जात आहेत, व ते विचारले गेलेच पाहिजेत. इकडे इंजिनाच्या अंगावरच आतां एक लहानसा विजेचा कान बसविलेला असतो. ठोक्याचा तो ठराविक नाद ऐकूं येतांच तो ठिणगी किंचित् मागें सरकवितो, आणि चालकाच्या कानीं कांहींच पडत नाहीं.

वडिलांना क्लचची युक्ति शिकविणाऱ्या मिस्त्रीला मी दोष देत नाहीं. त्याला आवाज बंद करण्यास सांगितलें होतें, व त्यानें तो केला. डेटनच्या संशोधकांचें कौशल्य त्याच्याहून शतपट मोठें होतें. त्यांनीं आवाजाचें कारण शोधून काढलें, हें निःसंशय. परंतु त्यांनाहि शेवटीं आवाज बंद करण्याचेंच काम सांगितलेलें होतें, आणि तो बंद होतांच काम पुरें झालें असें त्यांनीं मानलें. इंजिनाच्या आवाजाचें निदान करतांना चांगला मिस्त्री विचारतो : आवाज केव्हां येतो, कोठून येतो, गरम असतांना कीं थंड असतांना? या तीन प्रश्नांना मी एक चौथा जोडूं इच्छितों : तो बंद केल्यावर त्याचा भार कोणावर पडतो?

पुतणीला एवढें सगळें मीं त्या संध्याकाळीं सांगितलें नाहीं. ती फाटकाशीं उभी राहून टिचक्या मोजीत होती. त्या हळूहळू विरळ झाल्या व थांबल्या. ‘आतां बंद झाली,’ असें म्हणून ती घरांत गेली.